बगळ्याची चोच

आज बांगड्याच्या कालवणात तिरफळं टाकली आणि त्या वासासरशी मी भाट्याच्या खाडीवर जाऊन उभी राहिले.

बाबा मुंबईत नोकरीला, मे महिन्यात घरी यायचे. मी लहान असताना अशाच एका रविवारी त्यांनी काकाच्या हातातलं पागाचं जाळं घेतलं. "हात अजून विसरले नाहीत माझे," म्हणाले आणि फेकलं. जाळं ताटासारखं गोल उघडलं, पाण्यावर पडलं आणि ओहोटीबरोबर निघून गेलं. दोरी मनगटाला अडकवायचीच राहिली होती.

काठावर आई, काका आणि मी उभे होतो. बाबांनी मला समोरचा बगळा दाखवला. "त्याचा मासा निसटला ना, तरी तो चोच बुडवतच राहतो. कोणी विचारलं तर सांगतो, मासा कोणाला हवाय, मी चोच धुवायला आलोय." मग ते वाकून खाडीत हात धुऊ लागले.

"बरं झालं," आई म्हणाली. "आज सोमवार. मासे कुठे चालणार होते?"

"आई, आज रविवार आहे."

जाळं गेलं त्या दिशेला बघत काका म्हणाला, "नाय गो, सोमवारच."

मोठ्या माणसांना वारही कळत नाहीत, असं मला तेव्हा वाटलं होतं.

जेवायला बटाट्याचं कालवण होतं. आमच्याकडे तिरफळं माशांखेरीज कशात पडत नाहीत, पण आईचं वाटण सकाळीच तयार होतं, त्यामुळे बटाट्यांना तिरफळांचा घमघमाट सुटला होता. बाबांनी ते दोनदा मागून घेतलं आणि वासाचं नावही काढलं नाही.