ताईचे पाचशे बासष्ट

आमच्या संध्याताईत नाव घेण्यासारखं काही नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला पटवत आले. बारावी सायन्सला तिला चांगले मार्क होते. पण त्याच उन्हाळ्यात आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि ‘एक वर्ष घरात लक्ष दे’ म्हणून ताई जी स्वयंपाकघरात शिरली, ती तिथलीच झाली. त्याला आता तीन वर्षं होतील. भल्या सकाळी तिच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू होतो. एक डबा पप्पांचा, ते जालन्याला बियाण्याच्या गोदामात सुपरवायझर आहेत. दुसरा माझा, मी त्यांच्याबरोबरच बदनापूरहून गाडीने क्लासला जाते. आम्ही निघालो की आईची पाठ शेकणं, भांडी, धुणं. तक्रार म्हणून नाही. तिचं हेच मला आवडत नाही. तक्रार न करणाऱ्या माणसाशेजारी आपण फुकटचे आळशी दिसतो.

घरात डॉक्टर व्हायचं होतं ते मला, दैवशालेला. नीटच्या तयारीसाठी पप्पांनी टॅब घेतला तोही मलाच. त्यातल्या ॲपवर दर बुधवारी सातशे वीस मार्कांचा सराव पेपर यायचा. दिवसभरात कधीही द्या, पण एकदाच. निकालाचा मेसेज थेट पप्पांच्या मोबाईलवर. मी संध्याकाळी घरी येऊन, अर्धं लक्ष रील्समध्ये ठेवून तो द्यायचे आणि तीनशे ऐंशीवर अडकायचे. पप्पा मेसेज बघून नुसते ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’ची मला क्लासच्या सगळ्या सरांपेक्षा जास्त भीती वाटायची.

एका बुधवारी जालन्याच्या स्टेशनवर पप्पा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. “पाचशे बासष्ट! क्लासात बसून मोबाईलवर दिल्ता का पेपर?”

मी पेपर दिलाच नव्हता. पण पप्पांचा तो चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. मी “हो” म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

वाटलं, ॲपचीच काही गडबड असेल. घरी आले तर टॅबच्या काचेवर वाळलेलं पीठ, आणि शेजारी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे ताईच्या मोत्यासारख्या अक्षरात गणितं सोडवलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“रागावलीस का गं?” ताईने विचारलं. “दिवसभर रिकामाच पडतो म्हणून बघितलं जरा. आपोआप तुझ्या नावावर गेलं.”

“मला काय करायचंय,” मी म्हणाले. पण पुढचे दोन बुधवारही मी गप्प राहिले. पाचशे एकाहत्तर. पाचशे अठ्ठ्याऐंशी. पप्पा गाडीतल्या अनोळखी माणसांनासुद्धा ‘आमची दैवशाला’ सांगायला लागले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, ती मी. फरक एवढाच की नागोबा बिळात सुखाने झोपतो, माझी झोप उडाली. लोक माझं कौतुक करायचे आणि मला त्या कौतुकाचाच हेवा वाटायचा, कारण ते तिचं होतं.

एका सोमवारी डोकं दुखतंय म्हणून मी मुद्दाम घरी राहिले. बघू तरी, ही असं काय करते! ताई कणीक मळत होती, टॅब डब्याला टेकवून ठेवलेला, आणि ही बया ॲपमधल्या शंका सोडवणाऱ्या आवाजाशी चक्क बोलत होती. “बाई, ते हृदयाचं पुन्हा सांग, जल्दी नको करू. न्हाई न्हाई, तू चुकून राह्यलीस, तिथं डावा कप्पा पायजे.”

टॅबमधून आवाज आला, “तुम्ही बरोबर आहात.”

मला ते ॲप कधीही ‘तुम्ही बरोबर आहात’ म्हणालं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी पासवर्ड बदलला.

बुधवारी पेपर माझा मीच दिला. तीनशे चौऱ्याऐंशी. मेसेज वाचून पप्पा ‘हं’सुद्धा म्हणाले नाहीत. आई पडल्या पडल्या म्हणाली, “पोरीला नजर लागली. संध्या, मीठ-मोहऱ्या घे, दृष्ट काढ तिची.”

मला पाटावर बसवलं. ताई समोर उभी राहून मूठ ओवाळायला लागली. “आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची...” तिच्या चेहऱ्यावर राग नाही, टोमणा नाही. खरोखर मनापासून माझी दृष्ट काढत होती. मला ते सोसेना.

“माझी कसली दृष्ट काढता!” मी ओरडले. “ते मार्क माझे नव्हतेच. ही माझा टॅब घेऊन बसती, माझ्या नावावर पेपर देती. तिला बोला ना!”

खोटं कशाला सांगू, तिला शिव्या बसाव्यात म्हणूनच मी बोलले. आता पप्पा तिच्यावर घसरतील म्हणून वाटच बघत होते.

पप्पांनी मोबाईलवर जुने तिन्ही मेसेज काढले. “हे... तुझे?”

ताईची मूठ तशीच आवळलेली. “हो.”

“अभ्यास कधी करती तू?”

“तुमचे डबे गेल्यावर. माय झोपती तवा.”

“मंग मला सांगितलं का न्हाई?”

“तुम्ही कधी विचारलंच न्हाई.”

पप्पांनी मोबाईल खाली ठेवला. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, “माझ्या पाठीनं पोरीची तीन वर्षं खाल्ली.”

“नीटचा फॉर्म कधीपर्यंत हाय?” पप्पांनी मला विचारलं.

“उद्या शेवटची तारीख,” मी म्हणाले.

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “दैवू, तुझं मन लई मोठं हाय. दुसरी असती तर बिलकुल बोलली नसती.” ओरडा ऐकून शेजारच्या द्वारकाबाई दारात आल्या होत्या, त्यांनीही पदर डोळ्याला लावला. “अशी बहीण नशिबानं मिळती बाई.” मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

फॉर्म भरायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. ताई मार्कशीट घेऊन शेजारी बसली. पप्पा फोटो शोधायला आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, “पासवर्ड का बदलला व्हता गं?”

तिला सगळं ठाऊक होतं तर. पोटात अजून दुखतच होतं. हा फॉर्म गेला की ही माझ्या पुढे जाणार, हे मला समोर दिसत होतं. नेट बंद आहे म्हटलं असतं तरी घरात कुणाला कळलं नसतं.

“जळत होते म्हणून,” मी म्हणाले.

“आन् मी?” ताई म्हणाली. “रोज तुझा डबा भरताना मी काय कमी जळले का? लिही आता, नाव बराबर टाक.”

मी तिचं नाव टाकलं.