आबाजींचे शेवटचे दोनशे

अक्षराला हसू नका. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळ वर-खाली जाईल. ही वही माझी नाही, आमच्या गल्लीतल्या आबाजींची आहे. तिचं शेवटचं पान कोरं राहिलं आणि ते मलाच भरायचं आहे.

"बाकी किती?" हा आबाजींचा शब्द. ओट्यावरच्या लोखंडी खुर्चीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. शाळेच्या पोरीला, "परीक्षेले बाकी किती?" दूधवाल्याला, "तुह्या बहिणीच्या लग्नाले बाकी किती?" पोटुशी बाई दिसली तर तिलाही. ती लाजून पळायची.

दर्यापूरकडच्या खेड्यातून ते फौजेत गेले होते. डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवले आणि डाव्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून परत आले. पोरं विचारत, "आबाजी, दुश्मनानं तोडली का?"

"नाही रे. थंडीनं नेली. दुश्मन तं मले दिसलाच नाही."

एवढंच. यापुढे लढाईची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही.

रोज सकाळी ते काळे बूट पॉलिश करायचे आणि पायात घालून बसायचे. अमरावतीच्या उन्हाळ्यातसुद्धा. जायचं कुठेच नसे. कोणी चिडवलं, "आबाजी, गावाले जाऊन राहिले का?" तर म्हणत, "बोलावणं आलं तं उशीर नको." सगळे हसत. मीही पदराआड हसले आहे.

माझे मालक वारले तेव्हा मला शेवयांची मशीन घ्यायची होती. पैसे मागायला मी चार सकाळी आबाजींच्या ओट्यापुढे उभी राहिले आणि तोंड न उघडता परत आले. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "काहून गं जवान, रोज सलामी द्याले येतं का काही पायजे?"

तेव्हापासून मी त्यांची जवान. गल्लीत कोणाला माझा आवाज माहीत नव्हता आणि हे मला जवान म्हणत.

मशीन आली. दर महिन्याला दोनशे परत करायचे ठरले. एक अट त्यांनी वर घातली. पैसे देताना वहीत दोन ओळी लिहायच्या.

"मले लिहिता येत नाही, आबाजी."

"चौथी शिकली ना? तोंडानं बोलत नाही तं हातानं बोल."

पहिल्या महिन्यात मी लिहिलं, "आज ऊन फार आहे." त्यांनी भिंग लावून वाचलं. "उन्ह तं मलेबी लागून राहिलं. तुह्या घरचं काही लिह." मग मी लिहू लागले. मशीनचा पट्टा तुटला. सासूबाई गेल्या. मुलीला नोकरी लागली. कधीकधी त्यांचे डोळे भरत, पण म्हणायचे एवढंच, "अक्षर सुधारून राहिलं."

एकदा मी म्हटलं, तुमचं वय झालं, माझे पैसे कधी फिटायचे? ते खुर्चीत ताठ बसले. "तुहे पैसे फिटेपर्यंत मी हालत नाही. पहारा सोडून जाची फौजीले परवानगी नाही."

हे बोलणं मी मनात ठेवलं. फार खोल ठेवलं.

मागच्या थंडीत ते न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलाने अकोल्याला चला म्हटलं, तर नाही म्हणाले. मग अकोल्याहून त्यांची नात सेवेला आली. बूट खाटेखाली गेले. नात रोज ते पुसून त्यांना दाखवायची, तेव्हा ते डोळे मिटायचे.

आणि तेव्हाच माझे शेवटचे दोनशे बाकी राहिले.

पैसे होते. गव्हाच्या डब्यात घडी करून ठेवले होते. मी दिले नाहीत. वहीत लिहिलं, "या महिन्यात जमलं नाही." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच लिहिलं. या पूर्ण वहीत माझं खोटं फक्त एवढंच आहे. चैत्र लागला. माझी मशीन दिवसभर चालत होती, शेवया गल्लीभर दोऱ्यांवर वाळत होत्या, आणि मी लिहीत होते, जमलं नाही.

आबाजींनी वाचलं. खिडकीतून त्या शेवया दिसत होत्या. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण "बाकी किती" विचारलं नाही.

त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. नात पट्टी बदलायची तेव्हा त्यांचं कण्हणं माझ्या घरापर्यंत येई. मी मशीन चालू करायची, म्हणजे ऐकू येणार नाही.

एक दिवस नात दारात आली. "मावशी, आबाजी रोज इचारतात, जवान आली का म्हणून. काही देणं-घेणं रायलं का तुमचं?"

मी गेले. ते भिंतीकडे तोंड करून होते. माझी चाहूल ओळखून म्हणाले, "जवान, लई दिवस झाले पहाऱ्यावर. आता बदली पाठव माय."

त्यांनी मला कधी माय म्हटलं नव्हतं.

घरी येऊन डबा उघडला. नोटांना गव्हाचा कोंडा लागला होता, तो झटकला. त्यांच्या हातात दिल्या. बोटं मिटेनात, मीच मिटवली.

"लिह," ते म्हणाले.

वही उघडली, पण पेन चालेना.

"मंग बोल. बाकी किती?"

"काही नाही, आबाजी." मी इतक्या मोठ्याने बोलले की नात स्वयंपाकघरातून धावत आली. "पूर्ण फिटले."

"शाब्बास." त्यांनी सलामीला हात उचलला. तो कानापर्यंतच गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. नातीने त्यांना बूट घातले. डावा बूट ढिला पडत होता, म्हणून पुढे कापूस भरला. अख्खी गल्ली रडली. मी रडले नाही. मला वाटत होतं, मी पैसे अडवून त्यांना पहाऱ्यावर ठेवलं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तेरवी झाल्यावर नातीने ही वही माझ्या हातात दिली. "शेवटचं लिहाचं रायलं म्हणे तुमचं. आबाजी सांगून गेले." पैशाबद्दल ती काही बोलली नाही.

आज घरात कोणी नाही. मशीन बंद आहे. आबाजी, लिहिते.

शेवटचे दोनशे दिले. पूर्ण फिटले. बाकी काही नाही.