ओल्या रंगातलं नाव

नगरपालिकेच्या वृक्ष समितीवर आज तज्ज्ञ सदस्य नेमायचा होता. सभा सुरूही झाली नव्हती, आणि जिन्याखाली पेंटर सदस्यांच्या फलकावर लाल अक्षरांत नगराध्यक्षांच्या मेहुण्याचं नाव रंगवत होता.

शाळेत आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाई बाजाररस्त्यावरची चिंचेची झाडं वाचवायला अर्ज घेऊन आल्या होत्या.

"बाई, सरका जरा. रंग ओला आहे."

"अहो, आत अजून नाव कुठे ठरलंय?"

"मला तर चिठ्ठी कालच आली," पेंटर हसला.

आमचं मत एका दिवसापुरतं. बाकीचे सगळे दिवस या चिठ्ठ्यांचे. मी ओरडायला हवं होतं, पण मी नुसती बाईंना वाट करून दिली. बाई मात्र अर्जाची घडी सरळ करत आत गेल्या.

पेंटरने तोच लाल डबा उचलला. चिंचांवर तोडणीच्या फुल्या मारायच्या राहिल्या होत्या.