बेनिताची पाठ

बेनिता गाबाल्दोनने सव्वीस वर्षं बेलेन गावात शाळेची बस चालवली, पण पोरांवर कधी आवाज म्हणून चढवला नाही. समोरच्या आरशातून नुसतं बघायची. बावन्न पोरं चिडीचूप. नवऱ्यावर ही मात्रा लागू पडत नसे. एलिसेओचा स्वभावच असा, की गप्प बसवलं की त्याला बोलायची हुक्की येई.

एलिसेओ कूलर दुरुस्त करायचा. जुलैत अर्धं गाव त्याची वाट बघत घाम पुसत बसलेलं असे. अशा ऐन हंगामात बेनिताने जाहीर केलं, "शुक्रवारी सांता फेला जायचंय. दोन रात्री. खोली घेतलीये."

"दोन रात्री? अगं, दीड तासावर तर आहे. सकाळी जाऊन जेवायला घरी येऊ."

"एकेचाळीस वर्षं हेच ऐकतेय."

"आणि बघायचं काय तिथे?"

"चित्रं."

"कुणाची?"

"लोकांची," असं म्हणून ती कपडे भरायला आत गेली.

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसली असताना एका गुळगुळीत मासिकात बेनिताला स्वतःची पाठ दिसली होती.

एकोणीस वर्षांची असताना, सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात, ती सांता फेच्या एका हॉटेलात बशा धुवायला होती. तिथे जेवायला येणाऱ्या रेंडेल नावाच्या चित्रकाराने विचारलं, समोर बसशील का? तीन आठवडे ती दुपारी त्याच्याकडे जाऊन, कंबरेपर्यंत उघडी, त्याच्याकडे पाठ करून बसली. आईला सांगितलं होतं की बशा धुतेय. पुढच्या वर्षी लग्न झालं तेव्हा एलिसेओलाही तेच सांगितलं. दुपारी दोनपर्यंत ती बशाच धूत होती, त्यामुळे पाद्र्यापुढे कबुली द्यायलाही गेली नाही.

सांता फेत पोचल्यापासून एलिसेओची टकळी सुरू झाली. सगळं शहर मातीच्या रंगाचं बघून म्हणाला, "आमच्या आजीच्या घराचाही हाच रंग होता. तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे." खोलीत उशा मोजल्या, अकरा निघाल्या. "आणखी कोण कोण येणार आहे झोपायला?"

शनिवारी सकाळी बेनिताने त्याला मासिकात पत्ता दिलेल्या आर्ट गॅलरीत नेलं. ती मुद्दाम दाराजवळच्या मडक्यांपाशी रेंगाळली. एलिसेओ हात मागे बांधून पुढे गेला.

"बेनिता, इकडे ये! ह्या बाईच्या पाठीवर बघ, अगदी तुझ्यासारखाच..."

वाक्य तिथेच अडकलं. उजव्या खांद्यापासून कंबरेपर्यंत उतरलेला तो वाकडातिकडा व्रण त्याला आपल्या अंगणाच्या वाटेइतका पाठ होता. त्याने चित्राकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. नाव क्लॅरिस. गळ्यात हिरव्यानिळ्या खड्यांचं इतकं ओझं, की मान पुढे आलेली.

"अप्रतिम आहे ना?" त्या कुजबुजल्या. "हिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. नन होती. चित्रकारावर जीव जडला आणि मठ सोडून आली. त्याच हिवाळ्यात क्षयाने गेली बिचारी. तो व्रण दिसतोय? पापक्षालनासाठी स्वतःला चाबकाचे फटके मारून घ्यायची."

"जर्दाळू," बेनिता म्हणाली.

"काय म्हणालात?"

"शेजाऱ्यांचे जर्दाळू चोरले होते. आठ वर्षांची होते. काटेरी तारेखालून पळताना लागलं. आणि क्षयबिय काही नाही हो, थोडं बीपी आहे."

क्लॅरिस अशा हसल्या, की जणू कुणी चित्राला चिकट हात लावलाय. ते हसू बघून एलिसेओची वाचा परत आली.

"दाखव तिला!"

मागच्या खोलीत, खोक्यांच्या आडोशाला, बेनिताने ब्लाउज वर केला. क्लॅरिसनी चष्मा लावला. खांद्यापासून कंबरेपर्यंत नीट बघितलं.

"अरे देवा," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ही हकिकत स्वतः रेंडेलनीच सांगितली होती!"

"सांगणारच. तीन आठवड्यांत त्याला माझं नाव धड घेता आलं नाही. बोनिता म्हणायचा."

"हे बघा, दुपारी डॅलसचं एक जोडपं येतंय. त्यांना ती नन फार भावलीये. तोपर्यंत जर तुम्ही..."

बेनिताने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. क्लॅरिस चित्राखाली लावायला कोरं कार्ड शोधायला लागल्या. बेनिताने मजकूर सांगितला: बेनिता गाबाल्दोन, बसचालक, बेलेन. हयात. "विवाहित," एलिसेओने भर घातली. "ते मोठ्या अक्षरात."

डॅलसचं जोडपं आलं. बाईंनी बेनिताबरोबर फोटो काढून घेतला. नवऱ्याचा मात्र चेहरा पडला आणि तो किंमत पाडून मागायला लागला.

"का हो?" एलिसेओ उसळला. "मेली असती तर पूर्ण पैसे दिले असते?"

ते न घेताच गेले. क्लॅरिसनी एलिसेओकडे जसं बघितलं, ते सांगण्यासारखं नाही.

रात्री ते जेवायला गेले. लाल मिरचीचा रस्सा हवा की हिरव्या, असं वेटरने विचारल्यावर एलिसेओने 'दोन्ही' अशा अर्थी नुसती दोन बोटं दाखवली. मग ताटात बघत म्हणाला, "हात लावला होता त्याने?"

"एकदा. मान वळवायला. गॅसने हैराण होता रे, तीन आठवडे मी नुसते ढेकर ऐकले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तेव्हा कसा होतास आठवतंय? मी चुलत भावाबरोबर नाचले, तर त्याच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा सोडलीस."

"चुलत भाऊ आहे हे मला काय माहीत?"

"पाहुण्यांच्या यादीत नाव होतं त्याचं. आपल्याच लग्नात!"

एलिसेओला हसू फुटलं आणि रस्सा नाकात गेला. तो निवल्यावर बेनिता म्हणाली, "आम्ही नऊ भावंडं. आईसुद्धा हाक मारताना आधी चार चुकीची नावं घ्यायची. आणि तो माणूस रोज चार तास फक्त माझ्याकडे बघायचा. नाव चुकलं तर चुकलं. मला आवडायचं ते." एलिसेओने तिच्या ताटात उरलेला अर्धा तमाले, मक्याच्या पिठाचा तो वाफवलेला उंडा, नेहमीसारखा उचलून स्वतःच्या ताटात घेतला नाही, एवढ्यावरूनच तिला कळलं की त्याने मनावर घेतलंय.

रविवारी निघायच्या आधी तो पेट्रोल भरायला म्हणून गेला, तो तासभर आलाच नाही. बेनिता शोधत गेली. गॅलरीच्या काचेतून तो दिसला. चित्रासमोर पाचसहा अनोळखी माणसं गोळा करून तो हातवारे करत काहीतरी सांगत होता, आणि क्लॅरिस कपाळाला हात लावून उभ्या होत्या. बेनिता आत गेली नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

थोड्या वेळाने तो आला, किल्ल्या चाचपत.

"चित्र जरा तिरकं लागलं होतं," तो म्हणाला. "सरळ करून आलो. ती बाई ओरडली, पण आता बरोबर दिसतंय."