बाळंतिणीला पाणी द्या म्हणणाऱ्या बाई

डॉ. वत्सलाबाई ढोमणे यांच्या षष्ट्यब्दीच्या या ग्रंथात त्यांच्या सौम्य स्वभावावर लिहावे, असे गौरवसमितीने मला सुचवले आहे. अमरावतीच्या त्यांच्या प्रसूतिगृहात मी परिचारिका आहे. बाईंचा सौम्य स्वभाव मी तरी अजून पाहिलेला नाही.

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी मरायला टेकले होते. वैशाख होता. भातकुलीजवळ, सासरी, मी नुकतीच बाळंत झालेली. बाजेखाली शेगडी, कान बांधलेले, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. पाणी बंद, कारण बाळंतीण पाणी प्याली की तिला वात होतो, अंग सुजते, अशी घरच्यांची खात्री. मी रडून पाणी मागायची आणि सासूबाई अगदी मायेने नाही म्हणायच्या. त्या मायेची आठवण झाली की आजही माझे डोके फिरते. थोरले दीर हायस्कुलात शास्त्र शिकवत. घाम वाळताना अंग थंड होते, हे मुलांकडून घोकून घेत आणि घरी आल्यावर शेगडीत निखारे आहेत ना, एवढे विचारत.

मी तापात बरळू लागले तेव्हा माझे यजमान अमरावतीला जाऊन बाईंना घेऊन आले. बाईंनी आधी माझ्या काखेत हात घालून पाहिला. कोरडी ठणठणीत. त्यांनी शेगडी स्वतः उचलून अंगणात नेऊन ठेवली, खिडकी उघडली आणि चमच्याने मला पाणी पाजायला बसल्या. सासूबाई आडव्या आल्या.

"माठ पाझरते म्हणून थंडा रायते," बाई म्हणाल्या. "तुमी आत पाणी टाकून नाई राह्यले, अन् खालून जाळ लावून राह्यले. मंग थो थंडा कसा राईन?"

संध्याकाळी मला घाम फुटला.

मी बरी झाल्यावर मला अकोल्याला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवावे, म्हणून बाई पुन्हापुन्हा आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. सासरे चहासुद्धा विचारत नसत. बाई पिशवीतले फुटाणे खात बसून राहत. शेवटी सासरेच कंटाळले. मी शिकत होते तोवर माझी मुलगी बाईंच्या आईंनी सांभाळली.

सुइणींना शिकवण्याची बाईंची रीतही त्यांच्यासारखीच. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी त्या सुइणींना बंद खोलीत शेगडीपाशी बसवतात. कोणी पाणी मागितले की सगळ्यांना पाजतात आणि मगच धडा सुरू होतो. शरीर आपली ऊब, आपले पाणी, आपले मीठ अष्टौप्रहर सांभाळत असते. तहान, घाम, लघवी ही त्याची त्यासाठीचीच कामे आहेत, आपण त्याच्या आड येऊ नये. हे त्या कित्येक वर्षे ओरडून सांगत आहेत.

आणि तरी गेल्या उन्हाळ्यात परतवाड्याहून एक बाळंतीण आणली. अंग भाजत होते, घामाचा टिपूस नव्हता. आम्ही होते नव्हते ते सगळे केले, पण पोरगी गेली. तिचे सासरे बाहेर उभे होते. ते या गौरवसमितीचे सभासद आहेत.

बाईंनी त्यांना एवढेच विचारले, "तिनं पाणी मांगतलं होतं का?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

हा मजकूर छापायचा की नाही ते समितीने ठरवावे. वत्सलाबाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. समितीच्या सभासदांनाही लाभो. पण त्यांच्या सुनांना ते आधी लाभो.