उत्तरं धरून बसलेली माणसं

आमच्या स्वयंपाकघरात काही वर्षं रोज सकाळी इंग्रजी चालायचं, आणि ते चालवणारी बाई शाळेची पायरी चढलेली नव्हती. ती माझी बायको.

त्याचं असं झालं. सूनबाई बी. ए. झालेली. लग्नाच्या आधीपासून सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती. गणित बरं, मराठी चांगलं, पण इंग्रजीत मार खायची. त्या परीक्षेत एक वाक्य देतात, त्याचे तीन तुकडे पाडतात आणि कोणत्या तुकड्यात चूक आहे ते विचारतात. चूकच नसेल तर चौथा पर्याय. असल्या वाक्यांनी भरलेली जाडजूड पुस्तकं मिळतात. सकाळी भाकरी थापताना ती पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. पण उत्तरं शेवटच्या पानांवर. हात पिठाचे, पान उलटायचं अवघड, आणि उलटलं की पुढच्याही उत्तरांवर डोळा जायचा. मग एक दिवस बायकोने काय केलं, मागची उत्तरांची पानं टराटरा फाडली आणि ती घेऊन खिडकीखालच्या कॉटवर बसली. गुडघ्यांमुळे तिला उभं राहून काम होत नव्हतं, पण बिनकामाचं बसवतही नव्हतं.

"आई, पुस्तक नवं आहे."

"असू दे. तू बोल, मी बघते."

"तुम्हाला वाचता कुठं येतं?"

"आकडे येत्यात. एसट्यांचे नंबर बघण्यात जन्म गेला माझा. आन् बाकी चारच चिन्हं हायेत की. चार म्हशी वळखू येत्यात, ही काय अवघड?"

आणि तिने ती चार चिन्हं आपल्या पद्धतीने बसवली. ए म्हणजे शिडी. बी म्हणजे पोटुशी बाई. सी म्हणजे विळा. डी म्हणजे अर्धी भाकर. सूनबाई वाक्य मोठ्याने वाचायची, चुकीचा तुकडा शोधायची आणि सांगायची, "आई, विळा." ही पानावर बोट फिरवत नंबर गाठायची आणि जुळतंय का ते सांगायची. अर्धी भाकर म्हणजे वाक्यात चूक नाही. ते उत्तर आलं की हिला बरं वाटायचं. म्हणायची, "एक तरी धड निघालं."

कधी सूनबाई अडली की लाडात यायची, "आई, जरा सांगा ना, शिडी का पोटुशी?"

"माझ्याकडनं पेपर फुटायचा न्हाई. ज्यांच्याकडनं फुटतो तिकडं जा."

हे सगळं मी अर्धवट ऐकलेलं. मी नगरच्या नागापूर एमआयडीसीत टर्नर होतो, लेथवर जन्म गेला. रिटायर झालो तरी सकाळी घरात थांबायची सवय नव्हती. चहा झाला की आमच्या वयाच्या मंडळींत जाऊन बसायचं, तिथल्या एकाच पेपरची सगळ्यांनी वाटून पानं वाचायची आणि जेवायला घरी यायचं. चपला घालताना आतून इंग्रजी कानावर पडायचं, मी निघून जायचो.

मागच्या वर्षी, थंडी सरता सरता, बायको गेली. छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षा दारात येईपर्यंत संपलं. यावर जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही हे खरं कारण आहे.

तेरावा झाला, पाहुणे गेले. पोरगा कामावर जायला लागला. सूनबाई भाकरी करायची, पण गुपचूप. पुस्तकं माळ्यावर गेली होती. घर एवढं शांत झालं की भाकरी तव्यावर उलटलेली बाहेर ऐकू यायची. मी आता सकाळी घरातच असायचो, कारण बाहेर गेलं की चार जण तेच तेच विचारायचे, झोप लागते का, जेवण जातं का. मला कसलं तरी सुनं वाटायचं आणि काय ते कळायचं नाही. मग एक दिवस ध्यानात आलं. मला इंग्रजीची आठवण येत होती. ज्यातला एक शब्द मला धड कळत नाही, त्याची.

पोराला विचारलं, "हिची परीक्षा कधी?"

तो म्हणाला, "आबा, ती नको म्हणतीय. आन् नाही तरी वय भरत आलंय. येती परीक्षा शेवटची. त्यानंतर फॉर्मच घेणार नाहीत."

मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर हात घातला. सूनबाई पळत आली.

"आबा, पडाल. काय पाहिजे?"

"तुझं पुस्तक."

"नको आबा. मन लागत नाही."

"कंपनीत माझं तरी कुठं लागत हुतं? सायरन झाला की मशीन चालू करायचो. मन येतं मागनं, आलं तर. पानं कुठं हायेत उत्तराची?"

तिने कॉटवरच्या गादीचा कोपरा उचलला. बायकोने पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिथे ठेवली होती. मी ती घेतली आणि तिच्या जागेवर बसलो. त्या जागी बसायला मला जड गेलं. पण बसलो.

मला ए, बी, सी, डी वाचता येतं, ड्रॉइंगवर असायचं ते. तेव्हा आपल्याला हे जमणार असं वाटलं. सूनबाईने वाक्य वाचलं, कुणी तरी बाजारात जातो असं काहीतरी होतं. म्हणाली, "बी."

मी पान बघितलं. "रिजेक्ट."

पुढचं वाक्य. "ए."

"रिजेक्ट."

कंपनीत जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मशीनवरून उतरला की त्याला मापाचं गेज लावतात. बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्टच्या पेटीत. मधलं काही नसतं. तिसऱ्या की चौथ्या रिजेक्टला तिच्या हातातली भाकरी वाकडी झाली. तिने परातीतच हात ठेवले आणि म्हणाली, "आबा, आई असं नव्हत्या सांगत."

"मग कसं सांगायची?"

"चुकलं असं कधी म्हणायच्याच नाहीत. 'परत वाच' म्हणायच्या."

"मला तर जन्मभर 'चुकलंच तुमचं' म्हणायची."

यावर ती हसली. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. हसता हसता रडायला लागली. मी पानं हातात धरून बसलो, दुसरं काय करणार. तवा तापून धूर निघायला लागला तेव्हा म्हणालो, "भाकरी टाक आन् परत वाच."

तिथून रोज सुरू झालं. सुरुवातीला ती मला सी, डी म्हणायची. मग एकदा तोंडातून विळा निघून गेलं आणि तेच चालू राहिलं. चुका कमी व्हायला लागल्या की वाढल्या ते मला कळायचं नाही, मी काही मोजत नव्हतो. पण एक गोष्ट मला सांगायची आहे. वाक्यांच्या मधून मला माझी बायको कळायला लागली. मी घराबाहेर असताना त्या कॉटवर बसून तिने सुनेला काय काय सांगितलं होतं. आबांना कांदा बुक्कीने फोडून द्यायचा. विळीने चिरलेला दिला तर खातात, पण गप्प होतात. त्यांना सर्दी झाली की विचारायचं नाही, आल्याचा चहा नुसता पुढे ठेवायचा, विचारलं की नाही म्हणतात. नवऱ्याशी भांडण झालं तर कुकर लावून भांडायचं, शिट्ट्यांत शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. एवढी वर्षं संसार करून यातलं मला काहीच माहीत नव्हतं. कांदा आपोआपच फोडून येतो असं मी धरून चाललो होतो. सूनबाई एक एक सांगायची आणि मग म्हणायची, "हं, पुढचं वाक्य."

मग परीक्षेचं बोलावणं मोबाईलवर आलं. सेंटर नगरमध्येच, सकाळची वेळ. आणि तारीख बघितली तर बायकोचं वर्षश्राद्ध त्याच दिवशी.

आमच्या भावकीत रीत अशी की वर्षाचा स्वयंपाक सुनेने करायचा आणि नैवेद्याचं पान तिनेच वाढायचं. सूनबाई मला काही न बोलता पोराला म्हणाली, "राहू दे परीक्षा." तेवढ्यात माझी थोरली बहीण आली, कोपरगावच्या बाजूला असते ती. तिला हे आधीच कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. आमच्यात बातमीला एसटी लागत नाही.

आक्का चहा प्यायच्या आधीच सुरू झाली. "सून असताना वर्षाचं पान कोण वाढणार? आचारी?"

"मी वाढीन."

"तू? तुला पळी कुठली आन् झारा कुठला कळतंय का?"

"इचारीन कुणाला तरी."

"परीक्षा काय, परत यील."

"न्हाई यायची आक्का. तिचं वय सरलं. फॉर्मच घेणार न्हाईत."

"लोक काय म्हणतील? सासूच्या वर्षाला सून पेपर लिहायला गेली."

"लोक जेवायला येणार हायेत. जेवतील आन् जातील."

आक्काने पदर सावरला. "तिची माया न्हाई राहिली का रं तुला?"

हे मला लागलं. मी म्हणालो, "आक्का, तिनं जन्मात एक पुस्तक हातात धरलं, त्याची पण पानं फाडली. कशासाठी फाडली? मी पुरणपोळ्यांसाठी सुनेला मागं ठिवलं आन् ज्यासाठी ती रोज बसली ते सोडून दिलं, तर मी तिला काय तोंड दाखवू?"

सूनबाई दारात उभी होती. म्हणाली, "आबा, आत्याबाई म्हणतात ते बरोबर आहे. आईंच्या दिवशी मी घरात नाही, हे मलाच बरं वाटणार नाही."

"बरं नको वाटू दे. जाऊन ये."

आक्का उठली, चहा तसाच ठेवून कोपरगाववरून मालेगावला निघालेल्या शेजाऱ्यांच्या जीपमध्ये बसून गेली. पोरगा म्हणाला, "आत्या आता येत नाही." मी म्हणालो, न येऊ दे. पण मनात वाईट वाटलं. भावंडांत माझं तेवढंच माणूस राहिलं आहे.

त्या दिवशी पहाटे मी आणि पोराने पुरण शिजायला घातलं. सूनबाई आंघोळ करून सासूच्या फोटोपुढे वाकली आणि रिक्षात बसली. फाटकं वेळेवर बंद करतात म्हणून मी तिला रेंगाळू दिलं नाही. पुरण पातळ झालं. पहिली पोळी तव्यावर जाण्याआधी फाटली, दुसरी तव्यावर फाटली. पोरगा म्हणाला, "आबा, शिरा करू."

तेवढ्यात दारात आक्का. पिशवीत स्वतःचं लाटणं घेऊन. सरळ आत आली, पातेल्यात बघितलं.

"हे पुरण हाय का खळ?"

"तू आलीस व्हय?"

"भावजय माझी पण हुती. सरक तिकडं."

तिने पुरण आटवलं, पोळ्या लाटल्या, आमटीला फोडणी दिली. तोंडाचा पट्टा चालूच होता, पण मला तो त्या दिवशी गोड लागला. पान मात्र तिने वाढलं नाही. ताट माझ्या हातात दिलं. म्हणाली, "वाढतो म्हणाला हुतास न्हवं? वाढ." मीठ कुठे, भात कुठे, ते बोटाने दाखवत गेली आणि मी वाढत गेलो. पन्नासएक वर्षं माझं ताट जिने वाढलं तिचं पान मी पहिल्यांदा वाढत होतो. पोराने नैवेद्य गच्चीवर ठेवला. कावळे आमच्याकडे भरपूर आहेत, त्यांनी वाट बघायला लावली नाही.

माणसं जेवून गेली आणि दुपारी सूनबाई आली. चपला काढून दारातच उभी राहिली, घरात यावं का नाही अशी. आक्काने आतून हाक मारली, "उभी काय राह्यलीस? कसा गेला?"

"बरा गेला आत्याबाई."

"इंग्रजी?"

"इंग्रजी सगळ्यांत बरं गेलं."

"मग ये जेवायला. तुझ्या सासऱ्यानं नरडं कोरडं केलं माझं दिवसभर, तो पण उपाशी हाय."

ती निवडली गेली. निकाल लागला तेव्हा घरात फार काही झालं नाही. ती फोटोपुढे बराच वेळ बसली आणि मी बाहेर जाऊन मंडळींना सांगून आलो. नेमणूक मिळाली कोपरगावच्या एका ऑफिसात. खोली बघायची बोलणी चालली होती तर आक्काचा फोन आला.

"खोली कशाला? माझं घर काय ओस पडलंय?"

"आक्का, तूच म्हणत हुतीस..."

"म्हणलं असंल. त्यात काय एवढं."

आता आठवडाभर सूनबाई आक्काकडे असते आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी येते. आठवडाभर घरात आम्ही दोन गडी. पोरगा शिफ्टला गेला की मी एकटा. सकाळी पुन्हा शांत असतं. त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण ही शांतता आधीच्या शांततेसारखी नाही. ती माणूस गेल्याची होती, ही माणूस कामावर गेल्याची आहे. दोन्हींतला फरक मला कळतो.

आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. मानले तर समोरचा विचारतो, तब्येत बरी आहे ना. म्हणून बायकोचे कधी मानले नाहीत, आणि आता मानून तिला ऐकू जायचं नाही. सुनेचे मानले तर ती रडेल. आक्काचे मानले तर ती शिव्या देईल. म्हणून हे लिहिलं, तिघींचं मिळून एकदाच.

काल शुक्रवार होता. आक्काचा फोन आला. "तुझी सून गाडीत बसवलीय. नीट खात न्हाई ती, सांग तिला. आन् अंधार पडायच्या आत थांब्यावर जाऊन उभा राहा."

मी बरं म्हणालो. नागापूरच्या थांब्यावर मी केव्हाचा येऊन उभा होतो, ते तिला सांगितलं नाही.