पियानोच्या तारा उतरवल्या ती दुपार

आमच्या यजमानांचा धंदा बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचा. जळगावातल्या आमच्या घरात पुढची खोली म्हणजे कारखाना आणि मागची म्हणजे संसार, मधे नुसतं दार. एका उन्हाळ्यात भुसावळच्या गोऱ्या साहेबाचा जुना पियानो बैलगाडीतून आला आणि माझी झोप उडाली.

पियानो त्यांनी जन्मात पहिल्यांदाच उघडला होता. तरी माणूस डगमगेल तर शपथ. त्यांची एक लाडकी पेटी होती, गावातले सगळे भजनी तिच्यावरच गायचे. मग साहेबाच्या लाकडाला काय वेगळं सोनं लागलंय, असं म्हणून तिच्याच सुराला त्यांनी एकेक तार चढवायला घेतली. पण पेटी चढ्या सुराची आणि पियानोच्या तारा गंजलेल्या. भर दुपारी लाकूड कुरकुरू लागलं. मग एक तार तुटली आणि त्यांची भुवई चिरून गेली. डोळा थोडक्यात वाचला.

मी पदराने रक्त पुसलं. "डोया गया ते काय करशात?" मी विचारलं. चूक त्यांना कळली होती. बाकीच्या तारा तशाच ताणलेल्या ठेवणं म्हणजे घरात साप पाळणं, त्या उतरवायलाच हव्या होत्या. वर गोधडी टाका म्हटलं, तर आवाज दबतो, कोणती तार तुटायला आली ते कळत नाही म्हणाले. शेवटी मी जुन्या लुगड्याची जाड घडी त्यांच्या डोळ्यांवर बांधली. पेटी लावतानाही ते डोळे मिटूनच ऐकायचे, म्हणून एवढं तरी माझं ऐकलं.

ते चाचपत तार गुंडाळलेल्या खुंटीवर किल्ली बसवायचे आणि हळूच फिरवायचे. दर वेळी तार कण्हायची. मी दाराशी बसून तोंडात पदर कोंबला होता. माझ्या तोंडून आवाज निघाला तर त्यांचा हात हलेल, ही धास्ती. श्वाससुद्धा चोरून घेत होते. देवाचा धावा केला तोही मनातच.

शेवटची तार उतरली तेव्हा मी उठून घडी सोडली. ती आतून ओली होती. रक्तच असणार असं वाटलं, पण ती आसवं होती. एवढा धीट माणूस माझं मनगट घट्ट धरून बसला.

"माले वाटनं," ते म्हणाले, "तू माले सोडीसन चालनी गयी."